धनेशाची मान

पहिला धनेश मी छायाचित्रावरून कोरला. मलबारी कवड्या धनेश, अंगावर काळा-पांढरा, चोचीवर शिरस्त्राण चढवल्यासारखं शिंग. सव्वा महिना खपलो. पिसन् पीस मोजून रंगवलं आणि ओसरीवर ठेवलं. दोडामार्गाकडचे एक आजोबा कामासाठी आले होते. त्यांचं सगळं आयुष्य रानात गेलेलं. त्यांनी तो पक्षी सगळीकडून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "बाबू, गरूड बरो केलंस. पण ह्येची मान खंय असा?"

आमच्याकडे गावागावांत धनेशाला गरूडच म्हणतात. मी म्हटलं, मान तर आहे. ते काही बोलले नाहीत. एक सुपारी उचलली, मूठ चोचीसारखी पुढे केली, मानेला हिसका देऊन सुपारी वर उडवली आणि तोंड उघडून झेलल्यासारखं केलं. "असो खाता तो."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी त्यांच्यासोबत रानात जाऊन बसलो.

सावंतवाडीच्या चितार आळीत वाढलेल्या माणसाला प्राणी आधी लाकडात भेटतो, रानात नंतर. हत्ती, घोडा, बैल, पोपट हे आकार काकांच्या हातून माझ्या हातात आले, पाढे यावेत तसे. गंजिफ्याच्या खेळाची पानंही तशीच शिकलो. दशावतारी गंजिफ्यात दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण 120. त्यात मत्स्य येतो, कूर्म येतो, वराह येतो. कूर्माची पाठ किती रेषांत उतरवायची हे ठरलेलं असतं, त्यासाठी तळ्याकाठी जावं लागत नाही. या पाठांतराला मी कमी लेखत नाही. त्यानेच हात तयार होतो, रेषा थरथरत नाही. पण कूर्म अवतार आणि आमच्या विहिरीतलं कासव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला चाळिशीपर्यंत कळलं नव्हतं.

रानात धनेश दिसायच्या आधी ऐकू येतो. पंखांखालच्या पिसांच्या मुळांवर इतर पक्ष्यांसारखं लहान पिसांचं आवरण नसतं, त्यामुळे हवा मधून सुसाटते. डोक्यावरून कुणी मोठा पंखा ओढत गेल्यासारखा आवाज. नर उंबराच्या फांदीवर बसला. चोचीच्या टोकाशी फळ धरलं, मान मागे टाकली, फळ उडालं आणि घशात गेलं. त्याची जीभ आखूड असते, टोकाशी धरलेला घास ती आत ओढू शकत नाही, म्हणून प्रत्येक फळ असं उडवून झेलावं लागतं. एवढी जड चोच पेलायची म्हणून मानेचे पहिले दोन मणके एकमेकांना जुळलेले असतात. म्हणजे त्या पक्ष्याचं सगळं बळ मानेत. आणि मी मान केली होती चोच आणि धड यांना जोडणारा एक दांडा.

नंतर तो नर जुन्या सातवीणीच्या खोडाशी गेला. खोडात ढोली, ढोलीचं तोंड लिंपून बंद केलेलं, मधे उभी फट. आत मादी. अंडी घालायच्या वेळी ती स्वतःला असं कोंडून घेते, आत असतानाच तिची उडायची पिसं झडतात आणि नवी येतात. त्या काळात तिचा सगळा घास त्या फटीतून येतो. नर एकेक फळ घशातून वर आणून तिला देत होता. माझ्या पायाला मुंग्या आल्या तरी मी हललो नाही.

मान कोरायची म्हणजे पुन्हा लाकडाशी बोलणं आलं. आमचं जुनं लाकूड पांगारा. पांढरट, वजनाला हलकं, मऊ. साल काढून सावलीत वाळवायचं, उन्हात घाई केली की भेग पडते. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलं तर कीड लागत नाही असं जुने लोक सांगतात, आम्ही ते पाळतो. लाकडाचे तंतू ओंडक्याच्या लांबीला धरून जातात. मान उभी ठेवली की चोच तंतूंना आडवी येते आणि वाळल्यावर पहिल्याच धक्क्याला तुटते. चोच तंतूंच्या दिशेला ठेवली तर मान कच्ची राहते. शेवटी मान आणि धड पांगाऱ्याचं केलं आणि चोच शिवणीची वेगळी कोरून लाकडी खुंटीने बसवली. शिवण वाळल्यावर पिळवटत नाही, तिचा फिकट पिवळा रंग चोचीला उपयोगी पडतो. पण सांधा दिसू द्यायचा नाही. मान मागे टाकण्याच्या अगदी आधीच्या क्षणी स्नायू जसे भरून येतात, तसा उंचवटा सांध्यावर ठेवला. पटाशी तिथे फार हलकी चालवावी लागते, मोगरी बाजूला ठेवून नुसत्या तळहाताच्या दाबाने. असे तीन पक्षी बिघडले. चौथ्याला मान आली.

बघून काढणं हे या देशात नवं नाही. 1612 मध्ये दरबारातल्या मुकर्रबखानाने गोव्याहून मुघल बादशहा जहांगीरासाठी काही अपूर्व प्राणी आणले, त्यात एक टर्की होता. जहांगीराने आपल्या आठवणींत त्याच्या डोक्याचे आणि गळ्याचे रंग कसे पालटतात हे लिहून ठेवलं आणि चित्रकारांना ते प्राणी काढायला लावले. लिहिलेल्यावर भागवलं नाही. टर्कीचं जे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे ते जहांगीराचा दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याचं मानतात. छापील पुस्तकात ते पाहिलं तेव्हा मी आधी मान पाहिली. लोंबत्या कातडीची एकेक सुरकुती त्याने वेगळी धरली आहे. 1621 मध्ये दरबारात झेब्रा आला तेव्हा लोकांना वाटलं, घोड्यावर कुणी पट्टे रंगवलेत. नीट तपासून ते अंगचेच आहेत याची खात्री करून घेतली गेली. मन्सूरने तोही काढला. डोडोचंही एक चित्र त्याच्याच नावावर सांगतात. तो पक्षी त्याच शतकात पृथ्वीवरून संपला. सायबेरियन क्रौंचाचं त्याचं चित्र कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे, आणि भरतपूरला त्या क्रौंचांची शेवटची जोडी आली 2001-02 च्या हिवाळ्यात. चित्र आहे, पक्षी येत नाहीत. हे वाचल्यापासून पटाशी उचलताना हात जरा थांबतो.

बघायला लागलो तेव्हा आणखी दोन गोष्टी दिसल्या, त्या सांगितल्याच पाहिजेत. चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचे थर वाळले की पिसांच्या कडा काढायला मी मुंगसाच्या केसांचा कुंचला वापरत असे. त्याचं टोक सुईसारखं येतं आणि रंग भरपूर धरतं. मुंगसाचे केस मेंढीच्या लोकरीसारखे कातरत नाहीत, मुंगूस मारतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे, तरी कुंचला विकणाऱ्याने मला ते कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. एका जनावराचं चित्र दुसऱ्या जनावराच्या जिवावर काढत होतो. आता नायलॉनचा वापरतो. त्याचं टोक लवकर फाटतं. फाटू दे.

दुसरी गोष्ट ओंडक्याची. एका लाकूड व्यापाऱ्याकडे जुन्या बेहड्याचं खोड आलं होतं. पोकळ आहे, जळणाच्या भावात देतो म्हणाला. जवळ जाऊन पाहिलं तर पोकळीच्या तोंडाशी वाळलेल्या लिंपणाची कड होती, आणि फटीच्या आतल्या अंगाला बियांचा आणि विष्ठेचा थर. मी हात लावला आणि काढून घेतला. खोड घेतलं नाही. मी घेतलं नाही म्हणून ते झाड पुन्हा उभं राहिलं नाही, हे मला ठाऊक आहे. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. ती जुन्या झाडाला आपोआप पडावी लागते आणि त्याला कित्येक दशकं जातात. आमच्या भागात असं खोड आता बहुतेक देवराईतच सापडतं.

म्हणून मी फक्त पांगारा आणि वादळात पडलेली शिवण वापरतो. पांगारा मागे ठेवून जातो. मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडावर कुंपणात रोवली की ती जगते, मिरीच्या वेलाला आधार देते आणि काही वर्षांत खोड देते. माघ-फाल्गुनात पानं गळून लाल फुलं येतात तेव्हा मैना, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी सगळे त्यावर येतात, आणि मी पाट मांडून समोर बसतो.

लाकडी पक्षी घ्यायला याल तेव्हा लाकूड कुठल्या झाडाचं आणि कुंचला कशाचा, हे विचारा. कारागिराला राग येणार नाही. आणि येत्या मृगात कुंपणाला सिमेंटचे खांब घालणार असाल, तर त्यातला एक कमी करून तिथे पांगाऱ्याचा खुंट रोवा.