बुफेतली वाटी

पुण्यातली दोन दिवसांची परिषद. वजन कमी करण्यासाठी केलेल्या माझ्या स्लीव्हच्या ऑपरेशनला चौदा महिने झाले. जठराचा जवळजवळ ८० टक्के भाग गेलाय. बुफेत मी प्लेट घेतच नाही, गोडासाठी ठेवलेली वाटी उचलते. आधी पनीर टिक्क्याचे तीन तुकडे, मग दोन चमचे घट्ट वरण. भात उगाच जागा अडवतो. घास अगदी मऊ होईपर्यंत चावायचा, आणि समोरचा नेमका तेव्हाच बजेटचं विचारतो! पाणी अर्ध्या तासानं. मागच्या परिषदेत घाईघाईत गुलाबजाम खाल्ला आणि पुढचं अख्खं सत्र स्वच्छतागृहात काढलं.

"अहो मॅडम, एवढंसंच?" शेजारचे साहेब.

"सकाळी नाश्ता जास्त झाला." खोटंच.

चार वाजता पर्समधली फुटाण्यांची पुडी हळूच उघडली. तिची चुरचुर पहिल्या रांगेपर्यंत गेली.