जुन्या पत्रांना नवा साचा

शेंद्र्यातल्या आमच्या कारखान्यात प्रेसवरची डाय बदलली की पुढचे जॉब नव्या मापाचे निघतात. रॅकवरचे जुने तसेच राहतात. मेलच्या टेम्प्लेटचं उलटं आहे. तो बदलला की दहा वर्षांपूर्वीचं पत्रही नव्या मांडणीत उघडतं. मजकुराला धक्का लागत नाही, पण बटणं, रकाने, फॉर्म सगळं नवं.

आमचं मेल लोटस नोट्सवर चालतं. एमआयडीसीत अनेकांना वाटतं, ते केव्हाच संपलं. 1989 साली आलेलं हे सॉफ्टवेअर 1995 साली लोटस कंपनीसकट आयबीएमकडं गेलं, 2019 साली एचसीएलनं घेतलं, आणि आमच्याकडं अजून ठणठणीत आहे.

टेम्प्लेट बदलायचं काम सुट्टीच्या दिवशी करायचं. आधी सर्व्हरवरचा, मेल पोचवणारा राउटर थांबवायचा. तेवढ्यात आलेली पत्रं सर्व्हरच्या मेलबॉक्समध्ये वाट बघतात, हरवत नाहीत. मग सर्व्हरला ‘लोड कन्व्हर्ट’ ही आज्ञा द्यायची. खरी गोम एका फुलीत (*) आहे. जुन्या टेम्प्लेटच्या नावाच्या जागी फुली टाकली, तर सर्व्हर कोणाचा टेम्प्लेट कुठला हे विचारतच नाही, सगळ्यांना एकच साचा चढवतो. आमच्या स्टोअरच्या मेलमध्ये ‘गेटपास’ नावाचं जादा बटण आहे. कुण्या जुन्या प्रोग्रामरनं वेगळा टेम्प्लेट करून बसवलेलं. फुलीनं ते गुपचूप पुसलं जाईल आणि गेटवर ट्रक उभा राहील. म्हणून मी फुलीऐवजी ‘एसटीडीआर9मेल’ असं पूर्ण नाव लिहितो आणि आधी बदलणार असलेल्या फायलींची नुसती यादी काढून वाचतो. यादी वाचायचा कंटाळा असेल त्यानं या कामात पडू नये.

दुसरा प्रश्न फोल्डरांचा. ‘यू’ हा पर्याय दिला की लोकांनी स्वतः केलेले फोल्डरही इनबॉक्ससारखे दिसू लागतात. न दिला, तर इनबॉक्स नवा आणि फोल्डर जुने. स्टोअरच्या काकांचे फोल्डर बघा: ‘वाळूज’, ‘चाकण’, ‘रिजेक्शन’, ‘नंतर बघू’. ‘रिजेक्शन’मध्ये तारखेआधी पाठवणाऱ्याचा रकाना, तोही रुंद करून घेतलेला. टेम्प्लेट कंपनीचा असला तरी हा रकाना काकांचा आहे. बाकीच्यांना ‘यू’ बिनधास्त देतो, कारण त्यांनी फोल्डर केले ते नुसते पत्रं कोंबायला.

स्टोअरच्या फायली यादीबाहेर ठेवतो. त्यांच्या टेम्प्लेटची नवी प्रत करायची, गेटपासचं बटण तिच्यात बसवायचं, एका फायलीवर चालवून बघायचं. तेव्हा काकांना शेजारी बसवतो. ते चष्मा वर करून म्हणतात, “दिसायला काही का असंना, पास निघतो का ते दाखव.”