आईसाठी मागची जागा

रविवार, रात्री.

आज माझ्या कॉन्टिनेंटल जीटीवर पहिल्यांदा मागे माणूस बसलं. २०१३ साली बाजारात आलेली ही ५३५ सीसीची गाडी मुळात एकट्याची. सीटमागे नुसता उंचवटा. पण आईला पेणहून रोह्याला, तिच्या माहेरी न्यायचं होतं.

लांब सीट टाकली की झालं, असं नसतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १२८ घट्ट बसवलेली सीट मागतं. १९८९ च्या नियमावलीतला १२३ वा नियम सांगतो: धरायला मूठ, पायाला फूटरेस्ट आणि निदान अर्धं चाक झाकणारं संरक्षण, म्हणजे आपलं साडीगार्ड. हा नियम मला फार जवळचा वाटतो. कुणाच्या तरी आईचा पदर चाकात जाऊ नये, एवढी काळजी त्यात आहे. मागच्या शॉकअपची स्प्रिंग घट्ट केली, हवा थोडी वाढवली. आईसाठी हेल्मेटही घेतलं.

नागोठण्यापर्यंत ती गप्पच होती. मग म्हणाली, "हळू घे रे, खड्डा आहे."

रोह्यात शिरल्यावर तिने ग्रामदैवत धावीर महाराजांना एकाच हाताने नमस्कार केला. दुसरा मुठीवर होता.