ओटीचे गाठोडे

आमच्या आरमोरीकडच्या माणसाने विमानाने जायचे म्हणजे आधी एस.टी.ने जायचे. वैनगंगेचा पूल ओलांडायचा, ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड अशी गावे मोजायची, आणि नागपूर आले की मग विमानाचे नाव काढायचे. गेल्या भाऊबीजेला मी बंगळुरास धाकट्या बहिणीकडे निघालो, तेव्हा माझ्या मांडीवर आईने दिलेले गाठोडे होते. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेले आणि वरून दोऱ्याने शिवून टाकलेले.

"हातचं सोडू नोको, अन् उकलून पाहू नोको," एवढेच ती म्हणाली होती.

बहिणीने नऊ वर्षांपूर्वी आपल्या मनाने लग्न केले. आई त्या लग्नाला गेली नाही. पुढे फोनवर बोलणे सुरू झाले, पण ते पाऊसपाण्याचे. लेकीसाठी तिने काही बांधून दिले ते एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. मी मास्तर, त्यातून कादंबऱ्या लिहिण्याची खोड. आत काय असेल याची उत्सुकता मला नसती तरच नवल! तरी मी टाक्याला हात लावला नाही.

तपासणीच्या रांगेत माझ्यापुढच्या गृहस्थांजवळ चकचकीत कागदात गुंडाळलेले खोके होते. यंत्रात आतले नीट दिसेना, म्हणून जवानाने कागद सोडायला सांगितला. गृहस्थ कुरकुरले. मला मात्र 1985 सालचे 'कनिष्क' विमान आठवले. बॅग चढली, तिचा धनी चढलाच नाही, आणि 329 माणसे प्राणास मुकली. पुढे 1999 च्या डिसेंबरात काठमांडूहून निघालेले आपले विमान कंदाहारला पळवून नेले, आणि 2000 सालापासून विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे येऊ लागली. जवानावर चिडून काय उपयोग, असे शहाणपण मनाशी घोळवीत होतो, तोच माझे गाठोडे बाजूला काढले गेले.

"यात काय आहे?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

विमानतळावर देण्याजोगे याहून वाईट उत्तर नसेल.

"कोणी दिले?"

"आईने. बहिणीसाठी."

जवान तरुण होता. तो क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, "उघडावे तर लागेल." कात्री कुठली असणार! मी दातांनी दोरा तोडला.

आत ओटी होती. कोशाचा खण, तांदूळ, हळकुंडे, सुपाऱ्या, खोबऱ्याची वाटी, आणि आजीचा अडकित्ता. लग्नात भरायची राहिलेली ओटी. ती लेकीने एकटीने उकलावी अशी आईची इच्छा, आणि ती पाहिली मी, जवानाने आणि मागच्या दहाबारा लोकांनी.

अडकित्ता हातातल्या सामानात चालेना. गाठोडे खालच्या सामानात द्यावे म्हणून परत खिडकीशी गेलो, तर तिथली मुलगी म्हणाली, खोबरे काढा. सुक्या खोबऱ्यात तेल असते, ते कोंडले की आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानाच्या पोटात त्याला मज्जाव. वाटी तेवढी हातात घेऊन पुन्हा रांगेत आलो. ही वर तरी चालेल का, हे विचारण्याची छाती आता उरली नव्हती. उभ्या उभ्या खायला लागलो. सुके खोबरे आणि माझे दात! शेजारच्या पोराला तुकडा पुढे केला, तोच अनोळखी माणसाकडून काही घेऊ नये अशी सूचना वरच्या कर्ण्यातून झाली. त्याच्या आईने त्याला जवळ ओढले. उरलेले मी कचरापेटीत टाकले.

बहिणीला सारे सांगितले. ती आधी खूप हसली. मग ओढणी मांडीवर पसरून बसली आणि म्हणाली, "घाल." मी तांदूळ घातले, खण ठेवला. अडकित्ता तिने दोनदा उघडझाप करून पाहिला. आजीला सुपारी कातरून देण्याचे काम लहानपणी तिचे होते. बराच वेळ ती उठलीच नाही. नंतर खाली जाऊन दुकानातून खोबऱ्याची एक वाटी घेऊन आली.

रात्री आईचा फोन आला.

"खोबरं खवट तं नव्हतं?"

बहिणीने माझ्याकडे पाहिले. "नाही गं, गोड होतं," ती म्हणाली. "दादानं पण खाल्लं."