उजवीकडचे ‘डावे’

२०२२ च्या नोव्हेंबरात मी कोपनहेगनला लेकीकडे होतो. १ तारखेला निवडणूक झाली. जावईबापूंनी मत दिले ‘व्हेन्स्त्रे’ला. अर्थ ‘डावे’, पक्ष मात्र उजवीकडचा! १८७० साली तो शेतकऱ्यांचा म्हणून उभा राहिला. दिवस पालटले, नाव तेवढे राहिले. विहीणबाई कट्टर सोशल डेमोक्रॅट. मायलेकांची अशी जुंपली म्हणता! कॉफी मात्र एकाच किटलीतली.

२ टक्के मतांवर तिथे संसदेत शिरता येते. म्हणून १७९ जागा अन् डेन्मार्कचे पक्ष बारा. एकट्याला बहुमत कुठले? डिसेंबरात हे दोन जुने प्रतिस्पर्धी, मॉडरेट पक्षाला सोबत घेऊन, एकाच मंत्रिमंडळात बसले.

एका निवडणुकीपायी धाकट्या भावाशी माझा अकरा वर्षे अबोला होता. त्या दुपारी पुण्याला फोन लावला.

“कोण?”

“दादा बोलतोय,” मी म्हणालो.