‘थोडं चाला’ म्हणजे किती?

हार्ट फेल्युअरच्या पेशंटच्या कागदावर गोळीपुढे मिलिग्रॅम असतात, सकाळ-संध्याकाळ असते, जेवणाआधी की नंतर हेही असतं. व्यायामापुढे मात्र एवढंच: ‘थोडं चाला’. ज्याचं पंपिंग पंचवीस टक्क्यांवर आलंय त्याने यातून काय समजायचं? सोसायटीला एक फेरी, की पर्वतीच्या पायऱ्या? बहुतेक जण पलंगावरून खुर्चीत येतात आणि तिथेच थांबतात.

त्यांचं फार चुकत नाही. हृदय दमलंय, त्याला विश्रांती द्या, असं डॉक्टरही पूर्वी सांगत. १९९० मध्ये ऑक्सफर्डच्या अँड्र्यू कोट्स यांनी अशाच पेशंटना घरी सायकलवर बसवून त्यांची ताकद वाढते हे दाखवलं. दम लागण्याचा दोष एकट्या हृदयाचा नसतो. बसून बसून मांड्या आणि पोटऱ्या बारीक होतात, आलेल्या रक्तातला प्राणवायू त्यांना नीट वापरता येत नाही, श्वासाचे स्नायूही ढिले पडतात. व्यायामाने हे सगळं सुधारतं. म्हणून “मॅडम, इकोत पंपिंग वाढलं का?” या प्रश्नावर माझा उलटा प्रश्न असतो: जिना चढताना किती वेळा थांबलात? आकडा तोच राहून जिना सोपा झालेले लोक मी पुष्कळ पाहिलेत.

डोस ठरवायला सहा मिनिटं आणि तीस मीटरचा सरळ पॅसेज लागतो. माणूस सहा मिनिटांत किती अंतर चालतो, कुठे थांबतो, थांबल्यावर काय बोलतो, हे बघायचं. नाडीवर मी फार विसंबत नाही. बीटा ब्लॉकर चालू असतो, कुणाची लय अनियमित असते. त्यापेक्षा स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० अंकांची श्रमपट्टी बरी. ११ ते १३ च्या आसपास ठेवायचं. आकडे नको असतील तर साधी खूण: चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. अगदी अशक्त असेल तर दोन मिनिटं चाल, एक मिनिट थांब. आधी मिनिटं वाढवायची, वेग नंतर. जोडीला खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, श्वास न कोंडता.

पाण्याची गोळीही विचारात घ्यावी लागते. ती घेतल्यावर बाथरूमच्या धास्तीने लोक बाहेरच पडत नाहीत. मग चालणं गोळीआधी किंवा तिचा जोर ओसरल्यावर. आणि तीन दिवसांत वजन दोन किलोंहून जास्त वाढलं, सूज चढली, आडवं झाल्यावर दम लागला, तर त्या दिवशी चालणं बंद आणि डॉक्टरांना फोन. ‘केव्हा करायचं नाही’ हे लिहिल्याशिवाय व्यायामाचा कागद पुरा होत नाही.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एचएफ-अ‍ॅक्शन’ या चाचणीत २,३३१ पेशंट होते. मृत्यू किंवा हॉस्पिटलात भरती यांत पडलेला फरक पहिल्या हिशेबात निर्णायक ठरला नाही. पेशंटमधले मूळचे फरक धरून पुन्हा मोजल्यावर माफक फायदा दिसला. रोजचं जगणं मात्र सुधारलं. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. घरी ट्रेडमिल किंवा सायकल देऊनही बऱ्याच जणांची ठरलेली मिनिटं भरली नाहीत. तेव्हा कागदावरच्या चाळीस मिनिटांचा मला मोह नाही. कंटाळा आलेल्या दिवशीही होतील अशी दहाच लिहिते. पाठ्यपुस्तकाला हे कमी वाटेल, वाटू दे.

घरच्यांना एक विनंती. पेशंटची तब्येत स्थिर असेल आणि डॉक्टरांनी हालचालीला परवानगी दिली असेल, तर चष्मा आणि पेपर त्यांच्या हातात आणून देऊ नका. त्यांचे त्यांना उठून घेऊ द्या.