बासरी आणि बंदोबस्त

पोलीस भरतीच्या मैदानावर उंची मोजतात, छाती फुगवायला लावून मोजतात, धावण्याची वेळ टिपतात. कान तिथे कुणी तपासत नाही. गस्तीवरच्या माणसाचं निम्मं काम मात्र कानानेच होतं. अंधारातलं पाऊल, बंद दाराआडची कुजबुज, आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. शिकागोचे एकेकाळचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांना हा कान लाभला होता, आणि त्याला साजेसं अंगही.

१८४८ सालचा त्यांचा जन्म. आयर्लंडवर दुष्काळाची छाया होती. कॉर्क परगण्यातल्या ट्रॅलिबेन गावी एका शेजारी शेतकऱ्याने या मुलाच्या हाती आडवी बासरी दिली. पुढे पोरवयातच तो घर सोडून जहाजावर चढला. डोलकाठ्यांवर सरसर चढणं, वादळात दोर ओढणं, हीच त्याची तालीम.

मग प्रशांत महासागरातल्या बेकर बेटावर जहाज फुटलं. खलाशांना उचलायला आलेल्या जहाजावर अन्न तुटपुंजं होतं आणि होनोलुलू ३४ दिवसांवर. त्या जहाजावरच्या एका हवाईयन खलाशाकडे बासरी होती. ओनीलने ती मागून घेतली आणि त्याला आयरिश चाली ऐकवल्या. भाषा एकमेकांना कळत नव्हती, पण त्या खलाशाने रोज आपल्या वाट्याची पोई, म्हणजे अळूच्या कांद्याची आंबट लापशी, आणि डब्यातला मासा या पोरापुढे ठेवला. बंदरात उतरल्यावर जवळजवळ सगळे सोबती इस्पितळात गेले. धडधाकट राहिलेल्या मोजक्यांत ओनील होता. बासरीने त्याचं पोट भरलं होतं. मला त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. पुढची अधिकाराची पदंसुद्धा तिच्यापुढे फिकी.

१८७३ मध्ये ते शिकागो पोलिसात शिपाई झाले. पहिल्याच महिन्यात एका चोराने झाडलेली गोळी मणक्याजवळ रुतली. ती काढता आली नाही; तिच्यासकट ते पायरी पायरी चढत १९०१ मध्ये प्रमुख झाले. त्या काळी परदेशी आलेल्या दणकट आयरिश पोरांना पोलिसात जागा मिळे. न्यूयॉर्कच्या पोलिसांतूनच मार्टिन शेरिडन आणि मॅट मॅकग्रा हे ऑलिंपिकविजेते निघाले, एक थाळीफेकीत, दुसरा हातोडाफेकीत. आपल्याकडेही १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांना पुढे पोलिसातच फौजदाराची जागा मिळाली. खात्याला ताकदवान माणसाची किंमत लवकर कळते. ओनील यांचं वेगळेपण असं की त्यांनी सुराचीही किंमत ओळखली. कुठे दारूच्या गुत्त्यात पाइप्सचा, म्हणजे पिशवी दाबून वाजवायच्या आयरिश वाद्याचा, आवाज आला की त्यांची पावलं तिकडे वळत. बर्नार्ड डिलेनी हा नामी पाइप्सवादक त्यांना असाच सापडला, आणि त्यांनी त्याला खात्यात घेतलं.

त्यांना शेकडो चाली तोंडपाठ होत्या, पण स्वरलेखनात हात बसलेला नव्हता. ते काम सार्जंट जेम्स ओनील या फिडलवादकाने केलं. नाव एक, नातं काही नाही. फ्रान्सिसनी वाजवायचं किंवा गुणगुणायचं, जेम्सनी कागदावर उतरवायचं. १९०३ मध्ये १,८५० चालींचं ‘म्युझिक ऑफ आयर्लंड’ निघालं. माणसं देशोधडीला लागत होती आणि चाली त्यांच्याबरोबर शहरांच्या गल्ल्यांत विखुरत होत्या, अशा वेळी. तपास अधिकाऱ्याच्या चिकाटीशिवाय हे झालं नसतं असं मला ठामपणे वाटतं.

१९०४ मध्ये मुलगा रॉजर्स ऐन तारुण्यात गेला. त्यानंतर पत्नी ॲनाच्या दुःखाचा मान राखून त्यांनी घरात संगीत वाजू दिलं नाही. हे वाचताना जीव गलबलतो. दोघांच्याही दुःखापुढे काही बोलवत नाही. तरी चालींचा शोध थांबला नाही. १९०७ मध्ये १,००१ नृत्यचालींचा संग्रह आला. आयरिश वादकांच्या पिढ्या त्याला नुसतं ‘द बुक’ म्हणत आल्या. १९१३ मध्ये आणखी एक ग्रंथ, या वेळी माणसांचा. पाइप्स वाजवणारे, फिडल वाजवणारे, कित्येक आंधळे, कित्येक कंगाल. पोलीस दप्तरात आरोपीचं नाव, गाव, पत्ता लिहिण्यात आयुष्य गेलेला हा माणूस आता वादकांची नावं लिहीत होता: गाव कोणतं, वाद्य कोणतं, कोणाकडून शिकला.